मायनस साडेतीन

"दिसली नाही म्हणे! रस्त्यापलीकडे सख्खी आत्या पायऱ्यांवर पडलीय, हात हलवतेय, आणि ह्या महाशयांना दिसली नाही!"

सकाळी सकाळीच चष्म्याच्या दुकानात बापाचा पारा चढला होता. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं, तरी त्याचा आवाज खाली येईना.

"खरंच दिसली नाही, बाबा."

"खोटं बोलू नकोस! बघणारे सांगतात, तू थेट ताईकडे बघितलंस आणि चालू लागलास. शेवटी परक्या माणसांनी उचललं तिला."

पंधरा वर्षांचा मुलगा इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. शेजारीपाजारीही हेच सांगायचे. समोरून हसलं तरी ओळख देत नाही. बघितलंच तर डोळे बारीक करून, जणू समोरचा माणूस म्हणजे कस्पट. पोटचं पोर इतकं निर्दय निघावं, ह्याची बापाला चीड येत होती आणि त्याहून जास्त लाज.

पाच वर्षांचा असताना हाच पोरगा भिंतीवरच्या, डोळे तपासायच्या तक्त्यावरची मोठाली अक्षरं गिऱ्हाइकांच्या आधी घडाघडा म्हणून टाकायचा. सगळं दुकान हसायचं. आता कौतुक करावं असं त्याच्यात काही उरलंच नव्हतं.

"आत्याला मोतीबिंदू आहे. धूसर दिसतं म्हणून तिची पायरी चुकली. तसं जगणं काय असतं ते कळू दे तुला." बापाने तयार चष्म्यांच्या ट्रेमधला एक उचलला आणि मुलाच्या नाकावर चढवला. "संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. असाच चालत आत्याकडे जा आणि माफी माग."

मागे काचा घासणारा कारागीर चरकला. "मालक, मायनस साडेतीन आहे तो. पोराला चक्कर येईल."

"येऊ दे! दोन ठेचा खाल्ल्या की दुसऱ्याचं दुखणं कळेल."

मुलगा दारापर्यंत गेला आणि थबकला. रस्त्याकडे बघत नुसता उभा राहिला.

"आता का पाय उचलत नाही? निघ!"

तो निघाला.

दिवसभर बाप धुसफुसत होता. एका गिऱ्हाइकाला त्याने चुकीची फ्रेम दाखवली, कारागिरावर विनाकारण खेकसला. दुपारी बहिणीचा फोन आला.

"अरे, काय केलंस त्याला? माझ्या गुडघ्याची पट्टी बघून ढसाढसा रडला. मग किती वेळ माझ्या तोंडाकडेच बघत बसला. आता भांडी घासतोय."

"घासू दे. ताई, अशा पोरांना हाच इलाज."

फोन ठेवताना त्याला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. कारागिराकडे बघून तो म्हणाला, "बघितलंस? एका दिवसात माणसात आला."

संध्याकाळी मुलगा परतला. चष्मा नाकावरच होता. समोरून येणाऱ्या दोन सायकली चुकवत त्याने रस्ता ओलांडला आणि दारात येऊन उभा राहिला.

"काय, कळलं का? काढ तो आता!" बाप गल्ल्यामागून ओरडला.

मुलाने चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो बापाच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत होता.

"बाबा, तक्त्यावर ती शेवटची बारीक ओळ पहिल्यापासून आहे?"