दिव्यावरची चिकटपट्टी

सातपूरच्या कारखान्यात सर्व्हरचा लाल दिवा रोज उगाचच लागायचा, म्हणून सर्व्हरच्या खोलीवर लक्ष ठेवणाऱ्या चंदरभाऊंनी त्यावर चिकटपट्टी लावली होती. दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअर आभाने चूक शोधली. वीज आल्यावर डिस्क सांभाळणारं कार्ड सावकाश जागं व्हायचं. त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर प्रोग्राम मात्र लगेच हाक मारायचा, ओ मिळाली नाही की कार्डाच्या पोटातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बिघडल्याची बोंब ठोकून लाल दिवा लावायचा. तिने त्याला थांबून पुन्हा हाक मारायला लावलं, पट्टी सोलून काढली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. दिवा लागला नाही. "सुटलो बाबा!" म्हणत चंदरभाऊ चहाला बसले. आभाला मात्र शंका आली. खोट्या बोंबेबरोबर खरीचाही गळा दाबला नाही ना? तिने गुपचूप मुद्दाम बिघडवलेलं फर्मवेअर घालून सर्व्हर सुरू केला. क्षणभर दिवा गप्पच. "मॅडम, लाल लागला! कायतरी लय बिघडलंय!" चंदरभाऊ कप टाकून धावले. आभाला हसू आवरेना. त्या दिव्यासाठी पहिल्यांदाच कोणीतरी धावलं होतं.