दुखण्याचा पट्टा

"हात लावू नकोस," भिकाजी भिंतीकडे तोंड करून पुटपुटला. "आज मोजणी आहे."

वत्सलेने वाळूची पुरचुंडी तव्याशेजारी ठेवून दिली. पाणीखात्यात व्हॉल्व फिरवता फिरवता नवऱ्याची कंबर धरली, त्याला उन्हाळा उलटून गेला होता. तात्पुरत्या अपंगत्वाचा अर्धा पगार पेन्शन फंडातून यायचा, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर नव्हे. महिन्यातून एकदा कमरेचा पट्टा दुखणं मोजायचा आणि फंडाला कळवायचा. दुखणं उतरलं की पगार बंद, माणूस कामावर. म्हणून त्यांच्या वसाहतीत मोजणीच्या दिवशी आजाऱ्याला कुणी शेकत नसे, गोळी देत नसे, हसवतही नसे.

दुपारी भिकाजी झोपेतच कण्हू लागला. वत्सलेला ते ऐकवेना. "जळली मेली ती मोजणी," म्हणत तिने पुरचुंडी तापवली आणि त्याच्या कमरेवर फिरवत राहिली. कण्हणं थांबलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या.

तेवढ्यात पट्ट्यावर हिरवा दिवा लागला. "वेदना ओसरली आहे. उद्या कामावर हजर व्हावे," आतून आवाज आला.

भिकाजीने डोळे उघडले. वत्सलेचा हात जागीच थांबला.

"माझंच चुकलं हो," ती रडवेली झाली. "कशाला मेला हात लावला मी!"

त्याने उठून बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो पुन्हा भिंतीकडे वळला.

"थांबलीस का? शेक मनसोक्त," तो म्हणाला. "आता कुणाची चोरी आहे?"