मोडकी टोकं

शाळेत समुपदेशक होण्यासाठी ती एम.ए. करत होती. सरावाचे तास भरले नाहीत तर पदवी अडणार होती, आणि तिच्या वहीत अकरा दिवस एकच ओळ होती: ‘सहावीतली मुलगी आली. आम्ही पेन्सिलींना टोकं केली.’

तिच्या मार्गदर्शक बाई सकाळीच शाळेत येऊन धडकल्या. “अगं, ही समुपदेशनाची खोली आहे की पेन्सिलींचा कारखाना? या तासांवर मी सही कशी करू?”

“बाई, वडील गेल्यापासून ती कुणाशी बोलतच नाही. पहिल्या दिवशी मी विचारायला गेले, तर उठून निघालीच. तेवढ्यात तिला टेबलावर टोक मोडलेली पेन्सिल दिसली, आणि परत बसली. काल टोक करता करता म्हणाली, ‘बाबा सुरीनं करायचे. लांबच लांब.’”

“आणि?”

“एवढंच. पण म्हणाली, बाई.”

बाईंनी वहीची पानं पुन्हा उलटली. “पण रोजच्या रोज इतकी टोकं मोडतं तरी कोण?”

ती ओशाळली. कालच्या टोकदार पेन्सिलींचा डबा तिनं पुढ्यात ओढला आणि एकेक टोक टेबलावर दाबून मोडू लागली. टक्. टक्. बंद दारावर कुणी हलक्या हातानं थाप द्यावी, तसं.

बाईंनी अकराही ओळींखाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची जवळ घेतली.

“अर्ध्या इकडे दे. घंटा होईल आता.”