तिकीट खिडकी

उत्पन्न नाही म्हणून दिवा जंक्शनला जाणारी सकाळची गाडी बंद होणार, अशी कुणकुण कामणपलीकडच्या गावाला लागली. गावातल्या बाबूच्या वडिलांनी त्या रुळांसाठी शेत दिलेलं, आणि आता बाबूच्या पोरीला, रिद्धीला, कॉलेजला न्यायला तेवढीच एक गाडी होती. गावाने ठरवलं, कुठे जायचं नसलं तरी रोज घरटी एक तिकीट काढायचं.

वर्षभराने स्टेशनमास्तरांनी बाबूला बोलावलं.

"वरून हुकूम आलाय, बाबूभाऊ. खिडकीचं उत्पन्न उत्तम आहे, खिडकी राहणार. गाडी मात्र रिकामी जाते, ती उद्यापासून बंद."

"मग पोरगी काय खिडकीत बसून कॉलेजला जाणार, साहेब?"



रिद्धी घरी बसली. गाव मात्र अजून रोज तिकिटं काढतं, निदान खिडकी तरी बंद पडू नये म्हणून.