मीनाबाईंच्या चपला

सासूला वाकता येत नव्हतं, म्हणून २००३ च्या दिवाळीच्या सुट्टीत दीप्तीनं स्वतःच चपलांचा रॅक करायला घेतला. कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरात दार आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम दीड हात जागा होती. तिनं शाहूपुरीतून फळ्या कापून आणल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, खिळे ठोकले. कमरेइतका उंच असलेला वरचा कप्पा सासूचा, मीनाबाईंचा.

"झ्याक झालंय की गं," मीनाबाई खाटेवरून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या चपला दाराकडं तोंड करून होत्या, बाहेर निघालेल्या माणसासाठी ठेवाव्यात तशा. दीप्तीनं त्या भिंतीकडं वळवल्या. तिसऱ्या दुपारी पुन्हा तेच. घरात दोघीच होत्या आणि मीनाबाई खाटेवरून उठल्या नव्हत्या.

"आत्या, चपला तुम्ही फिरवताय व्हय?"

"मी कशाला फिरवू? पर कोण हाय ते धूळ पुसूनबी ठेवतंय बघ. माया हाय त्याला."

चौथ्या दुपारी दीप्ती रॅकसमोर उभी राहिली आणि दोन्ही चपला तिनं हातांनी घट्ट दाबून धरल्या. थोड्या वेळानं तळव्यांखालचं चामडं कोमट झालं. मग चपला हळूहळू, तिला दुखू नये अशा बेतानं, दाराकडं वळू लागल्या. तिनं सगळा जोर लावला.

आतून मीनाबाईंचा आवाज आला, घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"पोरगी एवढी धरून बसलीया. तिनं सोडंपतोर थांबा की जरा."

चपला थांबल्या.

दीप्तीच्या हातांना मुंग्या यायला लागल्या होत्या.