सात तास

अक्काच्या लेकीला मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. अक्का व्हॅनच्या मागच्या सीटवर तयार होऊन बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत बाळाची झबली, नाकाला प्राणवायूची नळी. आणि तिचा धाकटा भाऊ अजून सीटखाली डोकं घालून होता.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याची तीस वर्षं गेलेली. अक्काचं श्वासाचं मशीन चालावं म्हणून त्याने गाडीत दुसरी बॅटरी बसवली होती. झाकणाच्या पेटीत ठेवून लोखंडी पट्टीने तळाला आवळली. बॅटरीचा वायू आत कोंडू नये म्हणून पेटीची नळी गाडीखाली काढली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर वायरीत फ्यूज घातला, टर्मिनलवर रबराची टोपी चढवली. काम शनिवारीच झालं होतं, आणि चोख झालं होतं.

पण त्याला चैन पडेना. लेकीच्या घरापर्यंत सात तासांचा रस्ता. मध्येच इंजिन बंद पडलं तर? म्हणून रविवारी दारातच, इंजिन बंद ठेवून, सात तास मशीन चालवून पाहिलं. चाललं. मग त्याला एक गिऱ्हाईक आठवलं. पट्टी ढिली राहून त्याची बॅटरी सरकली होती आणि सीट जळाली होती. सोमवारी याने सगळं उकललं, पुन्हा आवळलं, बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली. भाचीचा फोन आला.

"मामा, निघालात का?"

"उद्या. नक्की उद्या."

मंगळवारी सकाळी नऊला तो म्हणाला, "अक्का, एकदाच आणखी बघतो."

"तुझ्या बघण्यात माझी नात शाळेत जायची! मी आता गाडीतून उतरत नाही. झालं तुझं, की तिथूनच निघायचं."

तो पुढच्या सीटवर मीटर घेऊन बसला. काट्यावरची नजर हलवेना. उठे, वायरीला हात लावून गरम झाली का बघे, पुन्हा बसे. घड्याळ बघे, पुन्हा काटा.

दोन वाजता मागून आवाज आला, "काटा कुठे आहे रे?"

"जागच्या जागी."

"मग निघ ना, धाकट्या."

"अजून दोनच तास, अक्का."

त्यावर ती काही बोलली नाही. रुसली असेल, असं त्याला वाटलं. लहानपणापासून तिचं रुसणं असंच, मुकाट. वाटेत काढू समजूत, म्हणून त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

चारला त्याने मीटर बाजूला टाकला. काटा अजून भक्कम होता. खूश होऊन त्याने किल्ली फिरवली. "अक्का, झालं! चल, आत्ताच्या आत्ता निघू." आणि तो मागे वळला.

मशीन व्यवस्थित चालू होतं. अक्का त्या मंगळवारी वारली, दुपारी दोन ते चारच्या मध्ये कधीतरी. नात तेव्हा बारा दिवसांची होती.