लाल तार कुठे लावायची

“लाल तार हातात घेतली का?” लेकीनं फोनवरून विचारलं.

“घेतली. आता हिचं काय करू?” म्हातारा म्हणाला, आणि बायकोकडे बघायचं त्यानं टाळलं.

पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात त्याचा जन्म गेला होता. तारेवर नुसतं बोट फिरवून ती किती भार झेलेल हे सांगणारा माणूस. आणि लेकीनं पाठवलेला सबवूफर स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला त्याला तिचीच शिकवणी हवी होती. बायको दाराशी भाजी निवडत बसली होती.

“सगळी सोंगं आणता येतात,” ती हळूच म्हणाली, “पण अडाण्याचं तुम्हाला नाही जमत हो.”

त्यानं हातानंच तिला गप्प केलं. काय करणार? लेकीची फार आठवण येई. पण आठवण आली म्हणून फोन केला, की ‘जेवलीस का, बरी आहेस ना’ यापुढे त्याची गाडी सरकत नसे. तिलाही कामाची घाई. आज बोलायला विषय मिळाला होता आणि तो चवीचवीनं पुरवून खात होता. लाल तार काळ्या खाचेत गेली म्हणून सांगायचं, मग ती रागवायची, मग पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून ती अशीच रागवायची.

“बाबा, अ‍ॅम्प्लिफायर बंद आहे ना? आणि तारेचे केस सुटे ठेवू नका, एकमेकांना चिकटतील.”

“चालू यंत्राला मी हात लावीन होय?” त्याला राहवलं नाही. “आणि चिकटतील कसे? दोन्ही टोकं पिळून कथलाचा डाग दिलाय सकाळीच.”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. बायकोनं कपाळाला हात लावला.

तारेच्या टोकाला डाग देणारा माणूस लाल-काळ्यात चुकत नसतो, हे दुकानात वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. आता ती हसेल आणि ‘ठेवते हं बाबा’ म्हणेल, म्हणून त्यानं मन घट्ट केलं.

तेवढ्यात तिला मागून कुणीतरी हाक मारली. सगळे तुझ्यासाठी थांबलेत, चल लवकर.

“तुम्ही सुरू करा,” ती तिकडे वळून म्हणाली. “मला वेळ लागेल. माझ्या बाबांना यातलं काही कळत नाही.”